हवेत थांबणारी माशी

"ही माशी चावते का?"

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. तिथल्या शिवारात हिवाळ्यात फुलावर आलेल्या पिकाजवळ कोणी थोडा वेळ उभे राहिले, की हा प्रश्न हमखास निघतो. करडईच्या बोंडापासून वीतभर अंतरावर एक बारीक, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी हवेत जागच्या जागी थांबलेली असते. तिचे पंख दिसत नाहीत, नुसती बारीक गुणगुण कानावर येते. हात पुढे केला, की झटकन बाजूला सरकते आणि हात मागे घेतला, की पुन्हा त्याच जागी येते. अंगावरचे पट्टे गांधीलमाशीचे असल्यामुळे मुले मागे सरतात, मोठी माणसे रुमालाने झटकतात.

ती चावत नाही. तिला नांगी नाही आणि माणसाची कातडी टोचता येईल असे तोंडही नाही. कधी ती कोपरावर किंवा मनगटावर येऊन बसते, तेव्हा घामातले पाणी आणि क्षार चाटत असते.

त्याच शिवारात दुसरा प्रश्न विचारला जातो तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. "माव्यात हिरवट अळी दिसतेय, कुठलं औषध मारू?" हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते, की फुलावर थांबलेली माशी आणि माव्यातली अळी हा एकच जीव आहे. मोठी झालेली माशी फुलावर जगते आणि तिची अळी मावा खाऊन वाढते. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांमध्ये हिचे नाव 'सिरफिड माशी' असे छापलेले असते. मित्रकीटकांच्या यादीत ढालकिडा आणि क्रायसोपा यांच्यानंतर तिचे नाव येते आणि तिथेच तिची गोष्ट संपते. माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून हे संपूर्ण प्रकरण तिच्यासाठी.

१. माशी कोणती, मधमाशी कोणती

पहिली खूण पंखांची. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना चार पंख असतात, सिरफिड माशीला दोनच. घरमाशी, डास, चिलट ही सगळी दोन पंखांची मंडळी आणि सिरफिड त्याच मोठ्या घराण्यातली. उडत्या माशीचे पंख मोजता येत नाहीत, म्हणून ती बसेपर्यंत थांबावे आणि दुसऱ्या खुणा पाहाव्यात.

तिचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. नर-मादी ओळखण्याची इतकी सोपी खूण फार थोड्या कीटकांत सापडते. मिशा अगदी आखूड, जवळून पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या. गांधीलमाशीच्या मिशा मात्र लांब असतात आणि सहज दिसतात. मधमाशीच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे असतात, सिरफिडच्या पायांवर तसे काही नसते. बसल्यावर अनेक सिरफिड माश्या पोट वरखाली हलवतात, तीही ओळखीची सवय.

जगात सिरफिडच्या सुमारे सहा हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात तीनशेहून अधिक. आपल्याकडच्या जातींचे पहिले मोठे संकलन १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते एन्रिको ब्रुनेटी यांनी केले. कलकत्त्यात राहणारे हे गृहस्थ पेशाने संगीतकार होते आणि माश्यांचा अभ्यास त्यांनी आवडीने केला होता. शेतात नेहमी दिसणाऱ्या जाती मात्र थोड्याच. नारिंगी पोटावर जाड-बारीक काळ्या पट्ट्यांच्या जोड्या असतील, तर तो बहुधा एपिसिरफस. पिवळी, सडपातळ, पोटावर ठसठशीत काळे पट्टे असलेली इस्किओडॉन. जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, काळसर-तांबूस ती पॅरागस. आणि मधमाशीएवढी जाड, डोळ्यांवर ठिपके किंवा उभ्या रेघा असलेली ती एरिस्टॅलिनस. तिची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती पुढे येईल.

२. एका जागी थांबायचे कसे

पक्षी पुढे जात राहतो म्हणून हवेत टिकतो. पुढे न जाता हवेत राहायचे, तर अंगाचे सगळे वजन पंखांच्या हालचालीनेच तोलावे लागते. सिरफिड माशी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा पंख मारते, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. पण नुसत्या वेगाने काम भागत नाही. वाऱ्याची झुळूक आली, अंग तिरके झाले, की ते त्याच क्षणी कळले पाहिजे आणि सावरता आले पाहिजे.

इथे तिचे हरवलेले दोन पंख कामाला येतात. दोन पंखांच्या कीटकांत मागच्या पंखांची जागा दोन छोट्या दांड्यांनी घेतली आहे, ज्यांच्या टोकाला गाठ असते. त्यांना संतोलक म्हणतात. पंख वर जातात तेव्हा हे खाली येतात. माशीचे अंग एका बाजूला वळले, की जोरात हलणाऱ्या या दांड्यांच्या मुळाशी ताण पडतो. तिथल्या संवेदी पेशी तो ताण टिपतात आणि पंखांच्या स्नायूंना लगेच इशारा मिळतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम डरहॅम या इंग्रज धर्मगुरूने माशीचे संतोलक काढून पाहिले होते. पंख शाबूत असूनही माशीला नीट उडता येईना.

पण तिने थांबायचे कशासाठी? मादी फुलासमोर किंवा मावा पडलेल्या फांदीसमोर थांबते, ती जागा तपासण्यासाठी. नर मात्र अनेकदा झाडाखालच्या उन्हाच्या कवडशात, काहीच नसलेल्या ठिकाणी, मिनिटेच्या मिनिटे थांबलेला असतो. ती त्याची हद्द असते. दुसरा नर आला तर त्याला हाकलायचे आणि मादी आली तर तिच्यामागे जायचे. मोसंबीच्या बागेत सकाळी दोन झाडांमधल्या मोकळ्या पट्ट्यात हा पहारा चांगला दिसतो.

३. गांधीलमाशीचा वेश

बहुरूपी फौजदाराचा वेश करून गावात येतो, दरडावून बोलतो, आणि ज्याने खऱ्या पोलिसांचा धसका घेतलेला असतो तो क्षणभर दचकतो. सिरफिड माशी नेमके हेच करते. तिच्याजवळ नांगी नाही, विष नाही, फक्त नांगीवाल्याचे कपडे आहेत. एकदा गांधीलमाशीचा डंख बसलेला पक्षी पुढे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या वाटेला जात नाही, आणि त्यात सिरफिडही वाचते.

ही युक्ती शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा मांडली हेन्री बेट्स यांनी. १८४८ मध्ये ते ॲमेझॉनच्या जंगलात गेले आणि अकरा वर्षे तिथे राहिले. बेचव फुलपाखरांसारखी दिसणारी, पण स्वतः बेचव नसलेली फुलपाखरे त्यांना तिथे सापडली. १८६२ मध्ये त्यांनी लिहिले, की भक्षकांपासून वाचण्यासाठी हे साम्य पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले असावे. डार्विनचा 'ओरिजिन' हा ग्रंथ येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्यामुळे हा निष्कर्ष नैसर्गिक निवडीच्या बाजूने मोठा पुरावा ठरला. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत लिंकन आणि जेन ब्राउअर यांनी बेडकांच्या जातीतल्या भेकांवर प्रयोग केले. मधमाशीचा डंख सोसलेले भेक मधमाशीसारख्या दिसणाऱ्या सिरफिडलाही तोंड लावीनात. ज्यांना डंख बसला नव्हता, ते तीच माशी खुशाल खात.

या युक्तीला एक अट आहे. फौजदाराच्या वेशातले लोक रोज येऊ लागले, तर त्या वेशाला कोणी भीक घालणार नाही. तसेच शिवारात खऱ्या गांधीलमाश्या आणि मधमाश्या भरपूर असतील, तरच सिरफिडचा वेश चालतो. बांधावरचे गांधीलमाश्यांचे पोळे जाळले, की त्याचा परिणाम या निरुपद्रवी माशीच्या संरक्षणापर्यंत पोहोचू शकतो.

४. माव्यात उतरलेली अळी

आता आपल्या कामाचा भाग.

मावा ही एवढीशी कीड इतक्या वेगाने का वाढते, ते आधी समजून घेतले पाहिजे. हंगामात माव्याच्या माद्यांना नराची गरज पडत नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्ले देतात, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिल्लांची वाढ आधीच सुरू झालेली असते. साधारण आठवड्याभरात पिल्लू आई होते. थंडी, ढगाळ हवा आणि कोवळा शेंडा मिळाला, की दोन आठवड्यांत स्वच्छ दिसणारे झाड काळे किंवा हिरवे पडते. मावा सोंडेने रस शोषतो, त्यातली जास्तीची साखर मागच्या बाजूने टाकतो. पाने चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते. करडईवर येणारा काळा मावा हा मराठवाड्याच्या रब्बीतला जुना शत्रू. चवळी, मोहरी, कपाशी, मोसंबीची नवती यांच्यावरही आपापल्या जातीचा मावा येतो.

सिरफिडची मादी हवेत थांबून फांद्या हुंगत फिरते. माव्याने टाकलेल्या गोड द्रवाचा वास तिला जागा दाखवतो. मग ती पोटाचे टोक वाकवून माव्याच्या थव्यात किंवा शेजारी एकेक पांढरे, लांबट, मिलिमीटरभर लांबीचे अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. तिला पाय नसतात, डोळे नसतात, ठळक डोकेही नसते. मागचे टोक पानाला धरून ती अंगाचा पुढचा निमुळता भाग डावीकडे-उजवीकडे फिरवते. माव्याला तोंड लागले, की आकड्यांनी तो पकडते, पुष्कळदा पानावरून उचलून हवेत धरते आणि आतला रस शोषून रिकामी कातडी टाकून देते. माव्याने पाय झाडले तरी त्याला कशाचाही आधार मिळत नाही.

ही शिकार बरीचशी रात्री चालते, म्हणून दिवसा शेतात फिरणाऱ्याला ती क्वचित दिसते. दिवसा अळी पानाच्या शिरेला लागून, कळीच्या खोबणीत पडून राहते. रंग हिरवा किंवा मातकट, पाठीवर पांढरी रेघ. काही जातींची कातडी इतकी पारदर्शक असते, की आतले आतडे दिसते. वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे हवेनुसार साधारण आठ ते बारा दिवसांत, एक अळी जातीप्रमाणे शंभर-दीडशेपासून चारशे-पाचशेपर्यंत मावा संपवते. त्यातला मोठा हिस्सा शेवटच्या तीन-चार दिवसांतला असतो.

एक छोटा हिशोब करू. करडईच्या एका झाडावर एक हजार मावा आहे आणि त्यात दहा अळ्या आहेत असे धरू. प्रत्येकीने तीनशे मावा खाल्ला, तर दहा जणी मिळून तीन हजार खातील. मावा मधल्या काळात वाढत असला, तरी तीन हजारांची भूक त्याला आटोक्यात ठेवू शकते. त्याच झाडावर दहाऐवजी एकच अळी असेल, तर तीनशे ही संख्या माव्याच्या दोन-तीन दिवसांच्या वाढीतच भरून निघेल. म्हणून 'सिरफिड आहे' एवढे कळून भागत नाही. किती माव्यामागे किती अळ्या, हे पाहावे लागते. आणि पीक लहान असताना, मावा थोडा असताना आलेल्या चार अळ्यांचे मोल शेवटी आलेल्या चाळीस अळ्यांहून जास्त असते.

वाढ पूर्ण झाली, की अळी एक काळा चिकट ठिपका टाकते. आयुष्यभर साठवलेली सगळी घाण ती एकदाच बाहेर काढते. मग पानाला चिकटून तिचे अंग आखडते, कातडी टणक होते आणि थेंबाच्या आकाराचा, एका बाजूला फुगीर व दुसरीकडे निमुळता, मातकट कोश तयार होतो. आठवड्या-दीड आठवड्याने फुगीर टोकाचे झाकण ढकलून माशी बाहेर येते.

५. लोकरी माव्याच्या वर्षी

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढऱ्या कापसासारखा थर दिसू लागला. तो लोकरी मावा होता. त्याआधी भारतात तो ईशान्येकडच्या भागापुरता होता. पुढच्या वर्षभरात तो महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यांत सगळीकडे पसरला. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे ऊस आलेल्या अंबड-घनसावंगी भागातल्या शेतकऱ्यांनाही 'लोकरी मावा' हा शब्द तेव्हापासूनच माहीत झाला.

तेव्हा अडचण अशी होती, की पुरुषभर वाढलेल्या उसात फवारणी नीट होत नाही. पंप घेतलेला माणूस आत शिरू शकत नाही आणि मावा तर पानाच्या खालच्या बाजूला. अखेर भार उचलला मित्रकीटकांनी. त्यात मोठे काम डिफा या पतंगाच्या अळीचे आणि मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या कीटकाचे. पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसह अनेक संस्थांनी ते वाढवून शेतांत सोडण्यावर भर दिला. त्यांच्या बरोबरीने लोकरी माव्यात आपण होऊन उतरलेली एक सिरफिड माशीही होती, युपिओडेस कॉन्फ्रेटर नावाची. तिला कोणी प्रयोगशाळेत वाढवले नव्हते की डब्यातून आणले नव्हते. नवे खाद्य आले, तिने ते शोधून काढले.

लोकरी मावा आटोक्यात आल्याचे श्रेय एकट्या सिरफिडला देणे खोटे ठरेल. पण त्या वर्षांनी एक गोष्ट दाखवून दिली. अचानक आलेल्या किडीवर पहिला हल्ला करणारे कीटक आपल्या बांधांवर आणि झुडपांत आधीपासून असावे लागतात. ते ऐन वेळी मागवता येत नाहीत.

६. कांद्याचे गोंडे

अळीचे पोट माव्यावर भरते, माशीचे फुलावर. मकरंद तिला उडण्यासाठी ऊर्जा देतो आणि परागातून प्रथिने मिळतात. पराग खाल्ल्याशिवाय मादीच्या पोटातली अंडी पक्व होत नाहीत. ज्या शेतात मावा भरपूर पण जवळपास एकही फूल नाही, तिथे मादी थांबेल कशासाठी?

तिची जीभ आखूड असते. लांब नळीची, बंद पाकळ्यांची फुले तिच्या कामाची नाहीत. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, गाजर यांची छत्रीसारखी उघडी फुले, मोहरी, करडई, सूर्यफूल, मोसंबीचा बहार, बांधावरची एकदांडी, हे तिचे ताट.

जालन्याच्या संदर्भात सगळ्यात बोलके उदाहरण कांद्याच्या बियाण्याचे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि हा जिल्हा बियाण्यांच्या धंद्यासाठी देशात ओळखला जाऊ लागला. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला कांद्याच्या फुलाची एक खोड माहीत असते. फुलातला पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीभाग नंतर तयार होतो. म्हणजे फूल स्वतःच्या परागावर बी धरू शकत नाही, पराग दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याने ते काम नीट होत नाही. म्हणून पांढऱ्या गोंड्यांच्या प्लॉटमध्ये मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, आणि त्या गोंड्यांवर पेटीतून न आलेल्या सिरफिड माश्याही मोठ्या संख्येने फिरत असतात.

एका भेटीत मधमाशी जास्त पराग नेते हे खरे. तिच्या अंगावर केस दाट असतात. सिरफिडची ताकद वेगळी आहे. तिला पोळ्यात परतायचे नसते, त्यामुळे ती फुलाफुलांवरून दूर निघून जाऊ शकते आणि पराग लांब पोहोचवते. थंड, ढगाळ सकाळी मधमाश्या कमी निघतात, तेव्हाही काही सिरफिड कामाला लागलेल्या असतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पिकांच्या फुलांना सिरफिड भेट देतात. परागीभवन करणाऱ्या कीटकांत मधमाश्यांच्या कुळानंतर त्यांचाच क्रमांक लावला जातो.

दूर जाण्याच्या बाबतीत तर त्यांची झेप थक्क करणारी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात रडारच्या साहाय्याने मोजणी झाली. दक्षिण ब्रिटनच्या आकाशातून दरवर्षी चारशे कोटींपर्यंत सिरफिड स्थलांतर करतात, आणि त्यांच्या अळ्या तिथे सुमारे सहा लाख कोटी मावा खातात असा अंदाज निघाला. अभ्यासातल्या दोन जातींपैकी एक होती एपिसिरफस बाल्टिएटस, आपल्या शेतांतही दिसणारी नारिंगी पोटाची.

७. गटारातली शेपूट

सगळ्याच सिरफिड मावा खात नाहीत. ठिपकेदार डोळ्यांची एरिस्टॅलिनस आपली अंडी घालते सांडपाण्याच्या खड्ड्याजवळ, तुंबलेल्या गटाराजवळ, शेणाच्या पातळ राड्याजवळ. तिची अळी पाण्यात राहते. तिला मागे लांब शेपूट असते आणि ती पाहून अनेकांना किळस येते. ती शेपूट म्हणजे श्वासाची नळी. घाण पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून अळी तळाशी खात राहते आणि नळी लांबवून तिचे टोक पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवते. पाणी खोल असेल तशी नळी वाढवता येते, अंगाच्या कित्येक पट.

ती खाते काय? सडणारा पाला, शेण, जिवाणू. म्हणजे कुजण्याच्या कामाला ती हातभार लावते, आणि कोशातून निघाली की मोसंबीच्या फुलावर जाऊन बसते. पूर्वी युरोपात लोकांची समजूत होती, की मेलेल्या बैलाच्या शरीरातून मधमाश्या जन्मतात. रोमन कवी व्हर्जिलनेही तसे लिहून ठेवले आहे. १८९४ मध्ये ओस्टेन-साकेन या कीटकशास्त्रज्ञाने खुलासा केला, की कुजणाऱ्या शरीरातून बाहेर पडताना दिसणाऱ्या त्या मधमाश्या नसून एरिस्टॅलिस ही मधमाशीसारखी दिसणारी सिरफिड असावी. वेशाने पक्ष्यांबरोबर विद्वानांनाही शतकानुशतके फसवले.

८. फवारणीचा हिशोब

माव्यावर सगळ्याच कीटकांना मारणारे कीटकनाशक मारले, की मावा पडतो आणि अळ्याही पडतात. पुढे काय होते, ते आकड्यांत पाहू. समजा एक हजार मावा होता, ९५ टक्के मेला, पन्नास उरला. अनुकूल हवेत तो दर तीन दिवसांनी दुप्पट होतो असे धरू. तीन दिवसांत शंभर, सहा दिवसांत दोनशे, नऊ दिवसांत चारशे, बारा दिवसांत आठशे. पंधराव्या दिवशी सोळाशे, अठराव्या दिवशी बत्तीसशे, एकविसाव्या दिवशी चौसष्टशे. सिरफिडला मात्र अंड्यापासून माशी व्हायला साधारण तेवढेच तीन आठवडे लागतात. मावा सात वेळा दुप्पट होतो, तेव्हा तिची एक पिढी पुरी होते. म्हणून फवारणीनंतर मावा आधी परततो, त्याला खाणारे मागून येतात, आणि मधल्या काळात शेतकरी दुसरी फवारणी करून मोकळा होतो.

कधी फवारणी टाळता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मोसंबीच्या नवतीवरचा मावा ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग पसरवतो आणि रोपवाटिकेत त्याला मोकळे सोडणे परवडत नाही. पण शेताच्या एका कोपऱ्यात मावा दिसला म्हणून सगळ्या शेतावर औषध, हा मार्ग महाग आहे आणि बरेचदा उलटतो. मावा सहसा कडेने, ठिगळाठिगळाने सुरू होतो. तेवढ्याच ओळींवर पाच टक्के निंबोळी अर्क मारला, तर उरलेल्या शेतातल्या अळ्या वाचतात. फुलोऱ्यात फवारणी करायचीच असेल, तर ती सायंकाळी उशिरा करावी. माश्या तेव्हा फुलांवर नसतात.

यापेक्षा मोठे नुकसान फवारणीविनाच होत आहे. ज्वारीत करडईची तासं घालायची आणि कडेला जवस, मोहरी, कोथिंबीर टाकायची ही रीत मराठवाड्यात नेहमीची होती. करडईचे क्षेत्र घटत गेले, सलग सोयाबीन आणि सलग कपाशी आली, आणि बांधावर तणनाशक जाऊ लागले. सिरफिडला दोन गोष्टी लागतात, अळीसाठी थोडा मावा आणि माशीसाठी उघडी फुले. स्वच्छ बांधावर दोन्ही नसतात.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय रुईचा आहे. बांधावरच्या रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर हिवाळ्यात पिवळाजर्द मावा असतो. हा रुईच्या कुळातल्या आणि कण्हेरीसारख्या झाडांवर जगतो, कपाशी-करडईवर तो येत नाही. तरी इस्किओडॉन आणि पॅरागसच्या अळ्या त्यावर पोसल्या जातात. पिकावर मावा यायच्या आधीच सिरफिडची एक पिढी बांधावर तयार होते. रुई तोडून बांध साफ करणारा माणूस ही पिढी तोडून टाकतो. कपाशीभोवती चवळीच्या दोन ओळी लावण्याचा सल्ला कृषी विभाग देतो, त्यामागेही हेच गणित आहे. शेताच्या कडेला धणे पेरून ते फुलू दिले, तर माश्यांचे दाणापाणी होते. कोथिंबीर काढून विकायची आणि दोन हात पट्टा फुलासाठी ठेवायचा, एवढीच तजवीज.

९. पान उलटून पाहताना

फवारणीचा पंप उचलण्याआधी शेताच्या पाच ठिकाणची चार-चार झाडे पाहावीत. भिंग असेल तर उत्तम, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा केला तरी चालते.

माव्यात एकेकटी पांढरी, लांबट अंडी दिसली, तर माशी पोहोचली आहे. देठावर उभी राहिलेली, केसासारख्या काडीच्या टोकावरची अंडी क्रायसोपाची. पिवळ्या अंड्यांचा उभा पुंजका ढालकिड्याचा. पानावर माव्याच्या रिकाम्या, सुरकुतलेल्या कातड्या आणि काळे चिकट ठिपके दिसले, तर अळ्या खाऊन गेल्या आहेत. सरकणारी, बिनपायांची, एका टोकाला निमुळती अळी सिरफिडची. पाने कुरतडणाऱ्या अळीला पुढे खरे पाय आणि ठळक डोके असते. एवढा फरक ओळखला तरी काउंटरवरचा प्रश्न बदलतो.

कोशही पाहावेत. फुगीर टोकाचे झाकण उडालेले असेल, तर माशी सुखरूप बाहेर पडली आहे. कोशाला टोक सोडून भोक पडलेले असेल, तर आतून डिप्लाझॉनसारखी छोटी परजीवी गांधीलमाशी निघाली आहे. ती सिरफिडच्या अळीतच वाढते. माव्याला खाणारी सिरफिड आणि सिरफिडला खाणारी ही दुसरी. हंगामाच्या शेवटी असे भोकाचे कोश जास्त दिसू लागतात, तेव्हा पुढच्या माव्यावर अळ्यांचा भरवसा कमी धरावा.

आणि पिवळे चिकट सापळे. मावा आणि पांढरी माशी यांच्यासाठी ते लावतात, पण पिवळा रंग सिरफिडलाही ओढतो. सापळ्याला पट्ट्यांच्या माश्या मोठ्या संख्येने चिकटू लागल्या, की ते काढून घ्यावेत. मावा किती आहे हे कळण्यासाठी थोडे सापळे पुरतात, आणि पीक फुलावर आल्यावर ते शेतात उभे ठेवण्याचे कारण उरत नाही.